आँबुखैरेनीच्या अलीकडे

पोखरा सकाळी सातला सोडलं. काठमांडू जेमतेम दोनशे किलोमीटर. म्हणजे दुपारच्या जेवणाला पोचू, हा आमचा भुसावळी हिशेब. पशुपतिनाथाची संध्याकाळची आरती गाठायची होती आणि घाई करणाऱ्यांत मीच पुढे. ‘जरा दामटा की!’ असं मी दोनदा तरी म्हणालो असेन. चालकानं आरशातून पाहिलं. ‘पुगिन्छ दाइ, पुगिन्छ.’ पोचू, पोचू.

नेपाळात बसचालकाला ‘गुरुजी’ म्हणतात. आम्हाला आधी हसू आलं. दमौली मागे पडेपर्यंत ते ओसरलं.

या पृथ्वी राजमार्गाचं काम चीनच्या मदतीनं १९७४मध्ये पूर्ण झालं. आता तो रुंद करताहेत, म्हणून अर्धा रस्ता उकरलेला. कुठे ताजं डांबर, तर पुढच्याच वळणावर नुसती खडी आणि समोरचा ट्रक गिळून टाकणारी धूळ. पावसाळ्यात वरून ‘पहिरो’ येतो. पहिरो म्हणजे आपली दरड. जुलै २०२४मध्ये मुगलिंग–नारायणगढ रस्त्यावर सिमलतालजवळ अशाच पहिऱ्यानं दोन बस त्रिशूलीत लोटल्या. साठाहून जास्त माणसं होती, पोहून बाहेर आले तिघं. घाट आपल्याकडेही आहेत. पण कसाऱ्याच्या पायथ्याशी अशी फेसाळती नदी तोंड उघडून बसलेली नाही.

आँबुखैरेनी जवळ आलं तशी बस गप्प झाली. २३ ऑगस्ट २०२४ला याच दिशेनं, पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली भाविकांची बस इथे मर्स्यांग्दी नदीत कोसळली. सत्तावीस माणसं गेली. जळगाव जिल्ह्यातली, वरणगाव, भुसावळ भागातली. त्या दिवसाआधी हे गाव आमच्याकडे कुणाच्या कानावर आलं नव्हतं. नंतर पानाच्या टपरीवरही लोक ते नाव न अडखळता घेत.

ती माणसंही दर्शनालाच निघाली होती. आमच्यासारखीच.

वाहनं इथेही डावीकडूनच चालतात, आणि नदीही डाव्या हातालाच. खिडकीतून कठडा दिसत नव्हता, पाणीच दिसत होतं. नदी आली की नाणं टाकायची आपली सवय. त्या दिवशी कुणाचा हात उठला नाही. पुढच्या सीटवरच्या काकू वरणगावच्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि काचेला हात टेकवला. गुरुजींनी वेग कमी केला. मागचा ट्रक हॉर्न मारत राहिला, ते हलले नाहीत. त्याच्या पाठीवर काय लिहिलं होतं ते तो पुढे गेल्यावर वाचता आलं: ‘बिस्तारै’. सावकाश!

मुगलिंगला डाळ-भात खाल्ला. गुरुजी बाकावर आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरू लागले. तीन वाजून गेले होते. आरती काही मिळणार नव्हती. मी घड्याळ पाहिलं, काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी आणखी एक चहा सांगितला.