अख्ख्या गव्हाचे विशेषण

मराठी शिकवण्याचा धंदा असल्यामुळे विशेषणांवर माझा चटकन विश्वास बसत नाही. न्हावा शेव्याच्या बंदरात नोकरीला असलेला आमचा भाचा परवा अंजिराचे सारण भरलेल्या परदेशी बिस्किटांचा डबा घेऊन आला. "मामा, अख्ख्या गव्हाची आहेत, शिवाय आत फळ! आजीलासुद्धा चालतील."

आजी म्हणजे माझी आई. तिला मधुमेह आहे आणि गोडाची आवड त्याहून जुनी! म्हणून मी चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरे वाचली. ज्याचे वजन जास्त तो घटक यादीत आधी, असा नियम असतो. या पंगतीत पहिल्या पाटावर मैदा, दुसऱ्यावर साखर. अख्खा गहू बिचारा चौथा! आता, शंभर ग्रॅम कणकेत चोथा सुमारे ११ ग्रॅम, तर मैद्यात जेमतेम ३. अंजिराचेही तेच. पुरंदरचे ताजे अंजीर बहुतांशी पाणी. तेच सुकले की जवळजवळ निम्मे वजन साखरेचे. चोथा असतो, नाही असे नाही. पण साखर ती साखरच.

आमची करंजी तरी काय मोठी सोवळी? मैदा, पिठीसाखर, वर तळण. पण तिने पौष्टिकपणाचा आव कधी आणला नाही.

आईला मी एक बिस्किट दिले आणि रात्रीची अर्धी पोळी कमी केली. बिस्किटाबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. पोळीबद्दल मात्र अजून बोलते आहे.