मोटरच्या आड

साध्या सायकलला काही दुखलं-खुपलं की आधी पायांना कळतं. ब्रेकचा पॅड डिस्कला घासत असो, चेन कोरडी पडलेली असो, बेअरिंगमध्ये चिखल शिरलेला असो, चढावर जीव निघतो आणि घरी आल्या आल्या आपण पाना हातात घेतो. इलेक्ट्रिक माउंटन बाइकवर हे होत नाही. चाक जड फिरायला लागलं तरी मोटर मुकाट्याने जास्तीचा जोर लावते. बॅटरी जरा लवकर उतरते, आणि आपल्याला वाटतं, आज चढच फार होता. या सायकली स्वतः चालवताना आणि दुसऱ्यांच्या दुरुस्त करताना माझं मत पक्कं होत गेलं ते असं: मोटर टिकेल का, ही चिंता सगळे करतात, पण मोटर जे जाणवू देत नाही, तिकडे लक्ष द्यायला हवं.

म्हणून माझ्याकडे सायकल आली की मी आधी मोटर बंद करतो. मागचं चाक उचलून हाताने फिरवतो आणि ते थांबतं कसं ते बघतो. हळूहळू मंदावत थांबलं तर ठीक. एका जागी अडखळत थांबलं तर डिस्क वाकडी आहे किंवा पॅड मागे सरकत नाहीये. मग पॅडल उलटं फिरवून चेनचा आवाज ऐकायचा.

सगळ्यात जास्त भोगते ती चेन. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स काय किंवा शिमानोची ईपी८ काय, मोटर बसते पॅडलच्या आसाशी आणि जोर देते 85 न्यूटन-मीटरच्या घरात. त्यात आपल्या पायांचा जोर आहेच. हे सगळं त्या एका बारीक चेनमधूनच मागच्या चाकापर्यंत जातं. चाकातच मोटर असलेल्या सायकलींना हा त्रास नसतो, पण डोंगरातल्या खडकाळ चढावर त्यांचा निभाव लागत नाही.

चेन मोजायला महागडं हत्यार लागत नाही. नव्या चेनच्या दोन पिनांमध्ये अर्धा इंच अंतर असतं, म्हणजे चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. चेन ताणून धरायची आणि स्टीलची पट्टी लावून एका पिनेच्या मधोमधपासून मोजायचं. बारा इंचांपुढे दीड मिलिमीटर सरकली असेल तर अर्धा टक्का झीज झाली. अकरा-बारा गिअरच्या सायकलला तेवढी झीज पुरे, चेन बदलायची. ‘अजून चालतेय की’ म्हणून जो थांबतो, त्याला पुढे कॅसेटही, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संचही, घ्यावी लागते, कारण लांबलेली चेन दात्यांना आपल्या मापाने खात जाते. मग नवी चेन टाकली की ती जुन्या दात्यांवर नेमकी चढावरच सटकते.

दाते खाण्यात चालवणाऱ्याचाही हात असतो. मोटर ओढतेय म्हणून लोक हलका गिअर न लावता तसेच चढ चढतात. सगळा भार दोन-तीन चक्रांवर येतो आणि बाकीची कॅसेट नवीकोरी राहते. बदलताना पॅडलवरचा जोर क्षणभर सैल सोडायचा असतो, तोही सोडत नाहीत. कडाक् असा आवाज येतो. श्रामने 2016 मध्ये खास या सायकलींसाठी आठच गिअरचा ईएक्स१ संच काढला होता. कळ एकदा दाबली की एकच गिअर बदलायचा. शिमानोच्या लिंकग्लाइडमध्ये दाते जाड ठेवले आहेत. माझ्या मते हाच विचार योग्य आहे. मोटर असताना बारा गिअर आणि वाचवलेले चार ग्रॅम कोणाला हवेत?

पावसाळ्यात सिंहगड-पानशेतकडची माती चेनमध्ये कानशीसारखं काम करते. पण ती काढायला प्रेशर वॉशर लावणं हा माझ्या डोळ्यांसमोर चालू द्यायचा प्रकार नाही. पाण्याची धार बेअरिंगच्या रबरी सीलला भेदून आत जाते. बादली, ब्रश, फडकं, आणि सुकल्यावर चेनला तेल: एवढंच पुरतं.

ब्रेकचं दुखणं वजनाचं आहे. सायकलच बावीस-चोवीस किलोची, आणि मोटर उतारावर काही मदत करत नाही. शिमानोची बरीच डिस्क नवी असताना 1.8 मिलिमीटर जाड असते आणि 1.5 ला बाद होते. आकडा तिच्यावरच कोरलेला असतो. तरी लोक पॅड बदलत राहतात आणि डिस्क मोजत नाहीत.

बॅटरीला मारतं ते ऊन आणि भरून ठेवणं. पुण्याच्या एप्रिलमध्ये बंद गाडीत शंभर टक्के भरलेली बॅटरी ठेवू नये. महिनोन्‌महिने सायकल काढायची नसेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावी.

राहिली मोटर. तिची बेअरिंगं कधीतरी घरघरायला लागतातच, आणि इथे माझी खरी तक्रार आहे. बहुतेक कंपन्या आतले सुटे भाग विकत नाहीत; वॉरंटी संपली की अख्खी मोटर बदला म्हणतात. चेन, पॅड, डिस्क मी आयुष्यभर बदलत राहीन, त्याचं काही नाही. पण एका बेअरिंगपायी धडधाकट मोटर भंगारात टाकायला सांगणं मला पटत नाही. बेअरिंग आणि सील तरी दुकानात मिळायला हवीत. उघडायची आणि बसवायची जबाबदारी घ्यायला आम्ही दुरुस्ती करणारे तयार आहोत.