राजूर घाट आणि लगुना सेका



ह्या वीकांताला कोडिंगबद्दल एक अक्षर नाही. विषय आहे शर्यत. म्हणजे संगणकावरची. हसू नका, वय वर्षं एक्केचाळीस असताना मी रेसिंग सिम्युलेटरच्या नादी लागलो आणि त्यात माझी जी काय शोभा झाली ती आज सांगून टाकतो.

तर झालं काय, मागच्या पावसाळ्यात अडीच-तीन महिने मी मलकापूरला घरी होतो. बाबांच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. थेंब चालू झाले, आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं कायमचं बंद सांगितलं. बाबा एसटीत ३१ वर्षं चालक होते. त्यांना 'गाडी चालवू नका' म्हणणं म्हणजे मला 'कळफलकाला हात लावू नका' म्हणण्यासारखं. ते काही बोलले नाहीत. नुसते ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकत बसायचे. मी हापिसात सांगून टाकलं की काही दिवस घरूनच काम करतो, आणि लॅपटॉप घेऊन आलो.

सोबत अजून एक खोकं आणलं होतं. जी२९ नावाचं स्टिअरिंग आणि पेडल. संध्याकाळी करायचं काय, म्हणून. टेबलाला स्टिअरिंग आवळलं, पण पेडल काही जागेवर राहीना. ब्रेकवर जोर दिला की ते गुळगुळीत फरशीवरून सरकत भिंतीकडे पळायचं. शेवटी त्याच्यामागे आईचा पाटा आडवा लावला. (ती म्हणाली, "मिक्सर आल्यापासून त्याले काही कामच नव्हतं." चला, पाट्याची सोय झाली :-))

आता सिम्युलेटर म्हणजे काय ते थोडक्यात. लहानपणी आपण खेळायचो तो मोटारींचा गेम वेगळा. त्यात भिंतीला घासत जाता यायचं. इथे तसं नाही. मी खेळतो ते आयरेसिंग २००८ साली आलं. त्यातले ट्रॅक खरे आहेत, लेझरने मोजून घेतलेले, रस्त्यावरचे उंचवटे-खड्डे सुद्धा जसेच्या तसे. टायर, वजन, ब्रेक ह्या सगळ्याचं गणित मागे चालू असतं आणि त्याचा हिसका स्टिअरिंगमधून हाताला कळतो. आणि शर्यतीत बाकीच्या सगळ्या गाड्या जगभरातली खरी माणसं चालवत असतात.

नवशिक्यांना तिथे माझदा एमएक्स-५ मिळते. छोटी, हलकी, मागच्या चाकांना ताकद. माझ्या पहिल्या आठवड्यातला ट्रॅक होता कॅलिफोर्नियातला लगुना सेका. ३.६ किलोमीटर, ११ वळणं. त्यातलं आठवं वळण म्हणजे प्रसिद्ध कॉर्कस्क्रू. चढ चढून आपण माथ्यावर येतो, समोर फक्त आभाळ दिसतं, आणि तिथून रस्ता आधी डावीकडे मग उजवीकडे वळत जवळपास १८ मीटर खाली कोसळतो. पाच मजली इमारतीवरून जिन्याने नाही, घसरगुंडीने उतरावं तसं.

पहिल्या रात्री मी एकही फेरी धड पूर्ण केली नाही. दुसऱ्या रात्री एक झाली. चांगल्या लोकांपेक्षा १४ सेकंद जास्त लागली.

आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. काही जमलं नाही की आधी कॉन्फिगरेशन तपासायचं. तर त्यात खरंच एक मोठा घोळ सापडला. स्क्रीनवर किती अंशांचा देखावा दाखवायचा, म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, ते मी ९० ठेवलं होतं, कारण सगळं दिसतं म्हणून बरं वाटायचं. पण माझा मॉनिटर २४ इंची, म्हणजे रुंदी सुमारे ५३ सेंटीमीटर, आणि मी बसतो ६० सेंटीमीटरवर. सोपी त्रिकोणमिती केली तर तो मॉनिटर माझ्या डोळ्यासमोर जेमतेम ४८ अंश व्यापतो. त्या खिडकीत ९० अंश कोंबले की सगळं लांब-लांब दिसतं, वळण अजून दूर आहे असं वाटतं, आणि ब्रेक उशिरा लागतो. आकडा ४८ केला. आजूबाजूचं दिसेनासं झालं, पण अंतराचा अंदाज यायला लागला. चार सेकंद तिथेच कमी झाले.

दुसरी गोष्ट टायरची. टायरकडे पकड ठराविक असते. समजा १०० रुपये. ते ब्रेकवर खर्च करा नाहीतर वळण्यावर. सगळे ब्रेकवर उडवले आणि वरून स्टिअरिंग फिरवलं तर गाडी वळत नाही, सरळ मातीत जाते. गंमत अशी की ही साधी वजाबाकी नाही, पायथागोरस आहे. ब्रेकवर ८० खर्चले तर वळायला २० नाही, ६० उरतात. आणि वेग १० टक्के वाढवला तर त्याच वळणाला पकड २१ टक्के जास्त लागते, कारण वेगाचा वर्ग. म्हणून वळणात 'थोडंसंच' जास्त वेगाने शिरलं तरी गाडी एवढा दगा देते.

हे कळल्यावर मी एकटाच ट्रॅकवर असताना बरा चालवायला लागलो. पंधरा दिवसांत चौदाचे पाच सेकंद झाले. डोक्यात हवा गेली.

पण शर्यतीत? दर वेळी बट्ट्याबोळ. सुरुवातीलाच अँड्रेटी हेअरपिन येतं, तिथे वीसेक गाड्या एकदम ब्रेक मारतात, आणि मी कुणाच्या तरी डिकीत. आयरेसिंग प्रत्येक चुकीचे गुण लावतं. रस्ता सोडला तर १, गाडी गरगरली तर २, दुसऱ्याला जोरात धडकलात तर ४. चूक कुणाची हे बघतच नाही, दोघांनाही चार-चार. मी वैतागायचो, त्या न दिसणाऱ्या ब्राझीलच्या किंवा पोलंडच्या पोराला मराठीतून शिव्या घालायचो. सेफ्टी रेटिंग सुरुवातीला २.५० मिळतं, माझं १.७ वर आलं. वरच्या वर्गात जायला ३.० लागतं.

आणि मग तो घाट आला.

बाबांच्या डोळ्यांचं दाखवायला आम्ही बुलढाण्याला गेलो होतो. परत येताना बुलढाणा सोडलं की लगेच राजूर घाट लागतो. बाबा शेजारी, आई मागे. पाऊस थांबलेला, रस्ता ओला, घाट हिरवागार. उजवं वळण आलं, आणि मंडळी, मी लाज वाटत असूनही लिहितो, माझे हात आपोआप आधी डावीकडे गेले आणि मग वळणाचं आतलं टोक पकडायला गाडी उजवीकडे घातली. रेसिंग लाइन. म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या बाजूला. वळणापलीकडून ट्रक निघाला. मी गाडी डावीकडे ओढली, ट्रकवाल्यानेही दाबलं, हॉर्नचा आवाज कितीतरी वेळ कानात राहिला. अंतर? हातभर असेल.

घाट उतरेपर्यंत कुणी बोललं नाही. खाली आल्यावर बाबा म्हणाले, "गाडी बाजूले घे." घेतली. आई मागे तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होती. बाबा समोर बघत म्हणाले, "ते वळण तुले दिसलं होतं का पलीकडून?"

"नाही."

"मंग काहून घातली?"

मला उत्तर देता आलं नाही. ते पुढे काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

आमच्या जिल्ह्यात वेग हा नुसता हौसेचा विषय राहिलेला नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली, २५ माणसं गेली. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे कुणी रात्रीच्या बसने पुण्याला निघालं की घरचे जागे राहायचे. हे सगळं माहीत असलेला माणूस मी, आणि घाटात खेळ करून बसलो.

त्या रात्री मी पेडल खोक्यात भरायला लागलो. बाबा दारात येऊन उभे. म्हणाले, "लाव. मले पाहू दे काय करतं तू."

खुर्ची ओढून शेजारी बसले. मी एक शर्यत केली. नेहमीसारखी धडक. बाबांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, "तुही नजर कुठी हाय? पुढच्या गाडीच्या डिकीवर. तो मारीन तवा तू ब्रेक मारशीन, मंग उशीर होईनच. त्याच्या पुढचा पाय. त्याच्याबी पुढचा पाय." दुसरी, "तुले पोचायचं हाय का भांडायचं हाय?"

मग स्क्रीनकडे बघत जरा वेळाने म्हणाले, "याच्यात बाजूचं दिसतच नाई रे." मी त्यांना ४८ अंशांचा हिशोब सांगितला. ते म्हणाले, "मले बी आता असंच दिसते."

काचबिंदूत कडेची नजर आधी जाते हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी मान डोलावली होती. पण ते म्हणजे काय, हे मला त्या खिडकीतून त्या दिवशी कळलं.

सिम्युलेटरमध्ये ह्यावर एक उपाय आहे. स्पॉटर नावाचा आवाज कानात सांगतो, 'कार लेफ्ट', आणि ती गेली की 'क्लिअर'. मी तो बंद करून ठेवला होता, कटकट म्हणून. बाबा म्हणाले, "हा तं कंडक्टर हाय तुहा. त्याची डबल बेल झाल्याबिगर हलाचं नाई." चालू केला. बाजूने होणाऱ्या धडका जवळजवळ थांबल्या.

पुढच्या गाडीपासून अंतर ठेवण्याचं तांत्रिक कारणही मला मग सुचलं. माझ्याकडून सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला २०० मिलिसेकंद लागतात असं धरा. ताशी १०० किलोमीटर वेगाने तेवढ्या वेळात गाडी साडेपाच मीटर जाते, एमएक्स-५ च्या लांबीपेक्षा जास्त! म्हणजे पुढची गाडी मला दिसते तिथे ती नसतेच, ती कुठे असेल ह्याचा संगणकाने बांधलेला अंदाज दिसतो. सरळ रस्त्यावर तो बरोबर येतो, कुणी अचानक ब्रेक मारला की चुकतो. वर्षानुवर्षं नेटवर्कवर काम करणाऱ्या माणसाला हे वडिलांनी झापल्यावर सुचावं, असो.

पण बाबांना सगळ्यात आवडलं ते सेफ्टी रेटिंगचं गणित. ते जिंकण्यावर नसतं. एका चुकीमागे तुम्ही किती वळणं नीट घेतलीत, त्याची सरासरी. वेगाचा आणि हारजितीचा आकडा वेगळा, आयरेटिंग, आणि वरचं लायसन मिळतं ते ह्या पहिल्या आकड्यावर. "म्हणजे आमची विनाअपघात सेवा," बाबा म्हणाले. पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांचा सत्कार झाला होता, तो फोटो आमच्या बैठकीत आहे.

मग रोज रात्री जेवण झाल्यावर एक शर्यत. नियम बाबांचे: सगळ्यात मागून निघायचं, पहिल्या फेरीत कुणाला गाठायचं नाही, ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा. लगुना सेकाच्या ९ फेऱ्या म्हणजे ९९ वळणं. कॉर्कस्क्रूच्या माथ्यावर मी ब्रेकच्या खुणेऐवजी पलीकडच्या झाडांच्या शेंड्यांकडे बघायला लागलो, आणि गाडी आपोआप तिकडे उतरायला लागली. पुढे गेलेली पोरं एकमेकांना धडकून मातीत बसलेली असायची, मी बाजूने हळूच निघून जायचो. विसावा निघून बारावा यायचो, कुणालाही न गाठता :-)

एका बाबतीत मात्र बाबांचं चुकलं, हेही लिहायला हवं. ब्रेक वळणाआधी पूर्ण सोडायचा हे बसला आणि घाटाला बरोबर. शर्यतीत उरलेले दोन सेकंद तिथेच अडकले होते. वेगवान लोक वळणात शिरतानाही ब्रेक हळूहळू सोडत जातात, त्यामुळे वजन पुढच्या चाकांवर राहतं आणि नाक आत वळतं. तोच तो पायथागोरस. मी ते करून दाखवलं तर बाबांनी दोनदा नीट पाहिलं. म्हणाले, "चांगलं हाय. पण आधी आमचं, मंग हे." आणि खरंच, आधी हेच शिकायला गेलो तेव्हा मी नुसता गरगरत होतो. आधी ब्रेक सरळ रेषेत, मग नजर, मग वळणातून लवकर बाहेर पडणं, आणि सगळ्यात शेवटी ही कला. मी यादी उलटी सुरू केली होती.

गणपतीच्या सुमारास सेफ्टी रेटिंग ३.० च्या वर गेलं, डी लायसन मिळालं. मी अजून पहिल्या पाचात आलेलो नाही.

राजूर घाट त्यानंतर चारदा उतरलो. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये, आपल्या बाजूने. बाबा शेजारी बसून वळणाआधी उजव्या पायाने खालची मॅट दाबतात, आणि हल्ली माझा ब्रेक त्यांच्या पायासोबतच लागतो. त्यांना ते माहीत आहे की नाही, मी विचारलेलं नाही.

आता मी परत पुण्यात आहे. पाटा मलकापूरलाच राहिला, इथे भिंतीला टेकवून भागवतो. रविवारी शर्यत झाली की फोन करतो.

"किती?" बाबा विचारतात.

"शून्य."

"नंबर?"

"अकरावा."

"चालते."

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.