आमची कलावती आई

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांत औंध हें आमचें गांव आहे. गांवामागील डोंगरमाथ्यावर यमाईचें मूळ ठाणें असून, त्याच डोंगराच्या चढणीवर श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनीं १९३८ सालीं उभारलेलें श्रीभवानी संग्रहालय आहे. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते व कीर्तनही करीत. त्यांचें चित्ररामायण १९१६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि १९३५ सालीं इंदूर येथें भरलेल्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षस्थान त्यांनीं भूषविलें. असा राजा ज्या गांवास लाभला, त्या गांवीं आमच्या आईचें बालपण गेलें. माहेर वरच्या आळीला व सासर खालच्या आळीला, त्यामुळें तिचें सारें आयुष्य ह्या एका डोंगराच्या सावलींतच सरलें. संग्रहालयांतील कोणत्याही पाटीवर तिचें नांव नाहीं. तरीही ती कलावती होती, असें आम्हां भावंडांस वाटतें. तें कां वाटतें, हें बालवाचकांस व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींस सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

संस्थानच्या शाळांतून त्या काळीं मुलामुलींना सूर्यनमस्कार घालावे लागत. “त्या नमस्कारांनीं माझी पाठ ताठ राहिली,” असें आई उतारवयांतही अभिमानानें म्हणे. तिचें शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झालें. परंतु संग्रहालय ही तिची दुसरी शाळाच होती. तेथील रविवर्म्याच्या चित्रांपुढें उभी राहून ती लुगड्याच्या निऱ्या कशा पडल्या आहेत, पदर खांद्यावरून कसा उतरला आहे, हें मन लावून पाही. पुढें भाद्रपदांत ती घरच्या गौरींना लुगडीं नेसवूं लागली, म्हणजे शेजारच्या बायका हातचें काम टाकून पाहावयास येत. नागपंचमीचे नाग, दिव्याच्या अंवसेची जिवती, शाडूचा गणपति, हें सारें तिच्या हातून होई. कोणी वाखाणणी केली, तर ती म्हणे, “मी कुठें काय केलें? सणच होता.”

त्या संग्रहालयांत हेन्री मूर ह्या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचें माता व बालक ह्या विषयावरील एक शिल्प आहे. लहानपणीं आम्ही तें प्रथम पाहिलें, तेव्हां आम्हांस हसूंच आलें. रविवर्म्याच्या रेखीव मुद्रा पाहिलेल्या आमच्या डोळ्यांना तें ओबडधोबड वाटलें. आई मात्र त्यापुढून लवकर हलेना. शेवटीं ती म्हणाली, “अरे, तान्ह्या मुलाला आईचा चेहरा कुठें दिसतो? त्याला आधीं तिची ऊब कळते. ह्या माणसानें ती ऊब कोरली आहे.” कलेविषयीं एकही पुस्तक न वाचलेल्या त्या माउलीचे हे उद्गार आम्हीं पुढें अनेक विद्वानांच्या व्याख्यानांशीं ताडून पाहिले, ते कोठेंही उणे पडले नाहींत.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण आमच्या तालुक्यांतील वृद्ध मंडळींस अजून आहे. विहिरी आटल्या होत्या. घरोघरच्या बायका खडी फोडण्यास जात व मुलांच्या पदरांत सुकडी पडे. एकेका घागरीसाठीं रात्रभर जागावें लागत असतां अंगणांत सडा कोण घालणार? आईनें सडा बंद केला. रांगोळी मात्र बंद केली नाहीं. शिरगोळ्याची पूड जपून वापरावयाची म्हणून ती चिमूटभर रांगोळींत कोरड्या मातीवर एकच कमळ काढी. दुपारच्या वाऱ्यानें तें उडून जाई. एकदां वडील त्रासून म्हणाले, “पोटाला नाहीं, आणि हें कशाला?” आई शांतपणें म्हणाली, “पोटाला नाहीं, हें आम्हांला ठाऊक आहे. दाराला कशाला कळूं द्यायचें?” त्यानंतर वडील त्या विषयीं कधींच बोलले नाहींत. कामावरून परतणाऱ्या बाया आमच्या दाराशीं क्षणभर थांबत, आणि धुळीनें भरलेले त्यांचे पाय त्या उडालेल्या कमळाच्या उरल्यासुरल्या पाकळ्यांनाही वळसा घालून पुढें जात, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

उतारवयांत काचबिंदूनें तिची दृष्टि हळूहळू गेली. गेलेली दृष्टि परत येणार नाहीं, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें होतें. घर सुन्न झालें. दिसेनासें झाल्यावर ही बाई दिवस कसा काढील, ह्याची आम्हांस धास्ती पडली. परंतु चैत्र लागला, आणि तृतीयेच्या सकाळीं तिनें नातवंडांना हांक मारली. डाव्या हाताच्या बोटांनीं अंतर मोजीत व उजव्या हातानें रांगोळी सोडीत तिनें चैत्रांगण काढावयास घेतलें. गौरीचा पाळणा, शंख, चक्र, गोपद्में, तुळशीवृंदावन, सारें यथास्थित उतरलें. चंद्र तेवढा चुकून पाळण्यांत पडला. नातवंडें एकमेकांकडे पाहूं लागलीं, कोणी बोलेना. तेव्हां तिनेंच विचारलें, “सगळीं गप्प कां झालांत?” धाकट्या नातीनें भीत भीत सांगितलें, “आजी, चंद्र पाळण्यांत गेला आहे.” आई खळखळून हसली व म्हणाली, “असूं दे. रात्रभर जागतो बिचारा. निजूं दे त्याला.” त्या वर्षीं अक्षय्यतृतीयेपर्यंत आमच्या अंगणांतला चंद्र रोज पाळण्यांतच निजला, नातींनींच तो तेथें काढला.

रांगोळी नातींच्या हातीं गेल्यावर तिनें गोधडीचें काम धरलें. सुई ओवणें तिला साधेना, म्हणून नातवंडें शाळेस जाण्यापूर्वीं दहा सुया ओवून गादीच्या कडेला टोंचून ठेवीत. संध्याकाळपर्यंत त्या दहाही सुया रित्या झालेल्या असत. तिच्या शेवटच्या आजारांत अशीच एक गोधडी अर्धी राहिली. ती गेल्यावर त्या गोधडीवरून आम्हां भावंडांत दोन मतें पडलीं. सुईदोऱ्यासह ती तशीच जपून ठेवावी, असें कोणी म्हणे; ती पुरी करावी, असें कोणी म्हणे. बोलण्यांत किंचित् कटुताही आली. पण आईच्या हयातींत दुपारच्या वेळीं आळींतल्या बायका तिच्या गोधडीला टांके घालावयास येत, आणि “गोधडी एकटीची नसते,” असें ती त्यांना सांगे, हें आम्हां सर्वांस आठवलें. मग वाद उरला नाहीं. सुनांनीं व नातींनीं मिळून ती पुरी केली. आईचा धावदोरा बारीक व सरळ, आणि त्यापुढचे टांके मोठे व वांकडे. कोठें एक संपला व दुसरा सुरू झाला, हें अंधारांतही बोट फिरवून कळतें. आज ती गोधडी आमच्या घरच्या सर्वांत लहान मुलाच्या अंगावर असते. ती आतांच विरूं लागली आहे, आणि तसेंच व्हावें.

यमाई ह्या नांवाची उत्पत्ति ‘ये माई’ ह्या हांकेंतून झाली, असें आमच्याकडे सांगतात. विद्यार्थी मित्रहो, तुमच्याही घरीं हांकेच्या अंतरावर अशी एखादी आई किंवा आजी असेल. दगड व रंग ह्यांचें रक्षण करावयास संग्रहालयें समर्थ आहेत. परंतु ठिपके किती व कसे मांडावे, गौरीची निरी कोठें मोडावी, टांका कोठें वळवावा, हें ज्ञान केवळ एका हातांतून दुसऱ्या हातांत जात असतें. आज शाळेंतून घरीं गेल्यावर तिच्यापाशीं बसा, एक गोष्ट विचारून घ्या, आणि ती आपल्या हातानें करून पाहा. ती वांकडी आली, तरी हरकत नाहीं.