आधी परीक्षा, मग बोट!

ऑनसाइटवर टोरंटोला गेलेल्या मित्राने पाठवलेले फोटो आठवतायत? निळंशार तळं, लाकडी धक्का, डोळ्यांवर गॉगल आणि मागे झकास स्पीडबोट. नव्वद टक्के खात्रीने सांगतो, ते ठिकाण मस्कोका असणार. टोरंटोपासून उत्तरेला गाडीने साधारण दोन तास. शुक्रवारी ऑफिस सुटलं की अर्धं शहर तिकडेच पळतं.

मस्कोका, रोसो आणि जोसेफ ही तीन मोठी तळी एकमेकांना जोडलेली आहेत. पोर्ट कार्लिंगला पाण्याची पातळी वर-खाली करणारे दरवाजे आहेत, त्यातून बोट एका तळ्यातून दुसऱ्यात जाते. ग्रेव्हनहर्स्टला १८८७ मध्ये बांधलेली 'सेग्वन' ही कोळशावरची आगबोट आजही पर्यटकांना फिरवते. काठाला पाइनची झाडं, गुलबट ग्रॅनाइटचे खडक. पण हेच खडक पाण्याखाली दोन फुटांवर दबा धरून बसलेले असतात. गंमत म्हणून स्टिअरिंग हातात घेणाऱ्याला ते दिसत नाहीत.

म्हणूनच कॅनडात इंजिनवाली बोट चालवायची तर आधी अभ्यास! १९९९ पासून हा नियम टप्प्याटप्प्याने आला आणि १५ सप्टेंबर २००९ पासून सगळ्या वयाच्या लोकांना लागू झाला. ऑनलाइन कोर्स करायचा, ५० प्रश्नांची परीक्षा द्यायची आणि ७५ टक्के मिळवायचे. मग मिळतं कार्ड, जे आयुष्यभर चालतं. ते नसेल तर २५० डॉलरचा दंड. वीकेंडचं बजेट तिथेच बुडालं म्हणून समजा.

अभ्यासात असतं काय? बोटीच्या डाव्या बाजूला लाल दिवा, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. रात्री उजवीकडून येणाऱ्या बोटीचा लाल दिवा दिसला, तर वाट तुम्ही द्यायची. प्रवाहाच्या उलट जाताना लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा. ऑन्टारिओत काठापासून ३० मीटरच्या आत वेग ताशी १० किलोमीटरपेक्षा जास्त नको. आणि बोटीवर जितकी माणसं, तितकी त्यांच्या मापाची लाइफ जॅकेट्स.

यात काय एवढं, असं वाटतंय? ऑगस्ट २०१९ मध्ये लेक जोसेफवर रात्री दोन बोटींची टक्कर झाली. दोघांचा जीव गेला. एका बोटीच्या चालक बाईंवर खटला चालला आणि २०२१ मध्ये त्या निर्दोष सुटल्या, कारण दुसऱ्या बोटीचे दिवे बंद होते असा कोर्टाचा निष्कर्ष होता. चांदण्या बघायला दिवे मालवणं रोमँटिक वाटतं खरं, पण अंधारात तुमची बोट समोरच्यासाठी अस्तित्वातच नसते.

दुसरा शत्रू म्हणजे थंडी. इथली तळी एप्रिलपर्यंत गोठलेली असतात. मे महिन्यात वर छान ऊन पडतं, पाणी मात्र बर्फाळच. तिथे '१-१०-१' हा हिशोब शिकवतात. पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वासावर ताबा मिळवायला, पुढची दहा मिनिटं हातपाय धड चालतात तोवर सुटकेसाठी आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. पट्टीचा पोहणारासुद्धा पहिल्याच मिनिटात नाकातोंडात पाणी जाऊन गटांगळ्या खाऊ शकतो. तेव्हा जॅकेट सीटखाली नाही, अंगावर हवं!

आणि हो, बोटीत बिअर पिऊन सुकाणू धरलंत, तर ऑन्टारिओत गाडीचं लायसन्सही जाऊ शकतं.

तुम्ही दोन आठवड्यांसाठी गेला असाल आणि बोट भाड्याने घेणार असाल, तर कार्डाऐवजी भाड्याच्या बोटीची सेफ्टी चेकलिस्टही चालते. बोट देणारा एकेक मुद्दा समजावतो, दोघं सह्या करता आणि तेवढ्या भाड्यापुरती परवानगी मिळते. मागे मित्रमंडळी 'चल ना यार' करत असतील, तरी सही घाईत ठोकू नका. खडक कुठे आहेत, दोरी कुठे आहे, इंजिन झटकन बंद कसं करायचं, सगळं विचारा.

या कार्डाची एक उणीव मात्र आहे. परीक्षा फक्त प्रश्नोत्तरांची असते, पाण्यावर बोट चालवून दाखवावी लागत नाही. म्हणजे कार्ड खिशात असलं, तरी हात बसलेला असेलच असं नाही. पहिला तासभर काठाजवळ, हळू वेगात, जाणकाराला शेजारी बसवून घालवा. फोटो काय, नंतरही काढता येतील.