बांधावरचं कोरड्यास

हुलगा म्हणजे घोड्याचं खाणं, असं शहरातली माणसं म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. आमच्याकडं तो भरडून, शिजवून बैलालाही घालत आणि माणसालाही. मला तो नको असायचा. तोंड वाकडं केलं की आई म्हणायची, "आगं खा. घोड्याला बळ येतं, बैलाला येतं, मग तुलाच न्हाय व्हय यायचं?"

शिक्रापूर आज पुणे-नगर रस्त्यावरचं गजबजलेलं गाव आहे. चाकण चौकात रस्ता ओलांडायचा तर जीव मुठीत धरावा लागतो. माझ्या लहानपणी मात्र ते कोरडवाहू गाव होतं. वेळ नदी पावसाळ्यापुरती वाहायची. सह्याद्रीवर धो धो कोसळणारा पाऊस शिरूर तालुक्यात येईस्तोवर थकून जायचा. अशा रानात जे पिकायचं तेच ताटात यायचं: बाजरी, हुलगा, मटकी, तूर, रब्बीला थोडी ज्वारी नि करडई. भाकरीबरोबर जे काही असेल, ओलं किंवा सुकं, त्याला आमच्याकडं कोरड्यास म्हणतात. घरात पैसा फक्त मीठ, चहा, साखर, रॉकेल आणि कापडासाठी लागायचा. धान्य विकत आणायचं म्हणजे साल वाईट गेलं, असा त्याचा अर्थ.

हुलग्याचं आई तीन-चार परीनं करायची. थंडीत माडगं. हुलगे खमंग भाजायचे, जात्यावर दळायचे आणि पीठ पाण्यात कालवून गुळाचा खडा टाकून शिजवायचं. सर्दी-पडसं झालं की हेच औषध. मोड आणून उसळ. पण खरी मजा शेंगोळ्यांची. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घालायचं, घट्ट मळायचं, तळहातावर बोटाएवढ्या वळ्या करायच्या आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. पीठ सुटून रस्सा आपोआप दाट होतो. तेल पळीभर, तेही करडईचं. वाडगाभर पिठात सात माणसं जेवून उठायची आणि घरभर लसणाचा वास राहायचा. आता हीच शेंगोळी महामार्गावरच्या ढाब्यांवर 'गावरान थाळी' म्हणून मिळतात आणि लोक गाड्या थांबवून खातात. खाऊ देत. चांगलीच लागतात.

आईला प्रोटीन हा शब्द माहीत नव्हता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते काढले, ते मी पुढं कधीतरी पाहिले. शंभर ग्रॅम हुलग्यात जवळजवळ 22 ग्रॅम प्रथिनं आणि 8 मिलिग्रॅमच्या वर लोह. बाजरीत 11 ग्रॅम प्रथिनं, 6 मिलिग्रॅमच्या वर लोह. पांढऱ्या तांदळात प्रथिनं 8 ग्रॅम आणि लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे ज्याला आम्ही गरिबाचं म्हणत होतो ते ताट भरलेलं होतं, आणि सणासुदीला ज्याची वाट बघायचो तो भात त्यामानानं हलका.

पण या ताटाचं सगळं श्रेय आईच्या हाताला देणं मला पटत नाही. हात होताच. पण त्या हाताला घ्यायला जवळपास पुष्कळ काही होतं.

बाजरी एकटी कधी पेरत नसत. चार-सहा ओळी बाजरीच्या की एक ओळ तुरीची, मधूनच मटकी, हुलगा. पाऊस बाजरीला कमी पडला तर हुलगा तग धरायचा. त्यामुळं एकाच वावरातून धान्यही घरात यायचं आणि डाळही. भाजीचं तर विचारूच नका. खुरपायला गेलेल्या बायका संध्याकाळी परतताना ओट्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, तरवट्याचा कोवळा पाला घेऊन यायच्या. ज्याचं वावर त्याला विचारायची रीत नव्हती, कारण ते तण होतं. उपटून नेलं तर त्याचंच काम हलकं. रब्बीत करडईचा कोवळा पाला आणि हरभऱ्याचे शेंडे. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाड फुटतं, म्हणून तेही कुणी अडवायचं नाही. चुलत्यांच्या दारात शेवग्याचं झाड होतं. त्याचा पाला खाल्ला की आजी म्हणायची, "पाला खा, शेंगा बाजारला जाऊ द्या." पाल्यात जास्त सत्त्व आहे हे तिनं कुठल्या तक्त्यात वाचलं नव्हतं, तिला शेंगांचे चार आणे हवे होते.

आणि ताक. आमच्या घरी म्हैस नव्हती. वरच्या आळीला दोन घरी होती. सकाळी घुसळणाचा आवाज आला की आम्ही पोरं तांब्या घेऊन जायचो. ताकाला पैसे घेणं हे पाप समजत. ती काकी कधी कधी कुरकुरायची, "आज पातळ हाय गं, पाणी घातलंय," पण रिकामा तांब्या परत पाठवायची नाही. त्या ताकात बाजरीचं पीठ कालवून आंबील व्हायची, भाकरी कुस्करून व्हायची, बेसन नसलं तर हुलग्याच्या पिठाची कढी व्हायची. पुढं दुधाची गाडी गावात आली, दूध डेअरीला जाऊ लागलं. म्हशीवाल्यांच्या हातात रोख पैसा आला, पोरं कॉलेजात गेली. वाईट काय त्यात? पण घुसळणं थांबलं आणि आमचा तांब्याही थांबला. हे कुणी कुणाला सांगितलं नाही. नुसतं एक दिवस ताक नव्हतं.

हे सगळं किती पातळ धाग्यावर उभं होतं ते 1972 ला कळलं. पाऊस गेला म्हणजे नुसती बाजरी गेली नाही. हुलगा गेला, तण गेलं, म्हशी आटल्या. फुकटचं जे होतं ते सगळं एकदम गेलं. आईवडील खडी फोडायला दुष्काळी कामावर. सरकारी धान्यात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी ना थापली जायची, ना घशाखाली उतरायची. कामावर सुकडी वाटायचे. भाजलेल्या पिठाची, गोडसर, फडक्यात बांधून आई ती घरी आणायची. ती सुकडी तिनं खायची होती, खडी तिनं फोडली होती. खाल्ली आम्ही.

तशी ती चांगल्या सालातही शेवटीच जेवायची. आधी वडील, चुलते, मग पोरं, मग सासू, मग ती. शेंगोळ्यांच्या पातेल्यात तेव्हा रस्सा उरलेला असायचा आणि वळ्या संपलेल्या. ती भाकरी रश्शात बुडवून खायची आणि म्हणायची, "मला रस्साच आवडतो." जुन्या खाण्याचं कौतुक करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. हुलग्यात लोह होतं, बाजरीत होतं, पाल्यात होतं, आणि माझ्या आईच्या अंगात रक्त नव्हतं. चौथ्या बाळंतपणात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची पापणी ओढून बघितली आणि लाल गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी मळमळायचं म्हणून तिनं त्या कोनाड्यात ठेवल्या.

शिक्रापूरहून चाळीस-पन्नास मिनिटांवर पाबळ. तिथं डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हे गृहस्थ मूळचे अन्नतंत्रज्ञानाचे डॉक्टर, मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून या दुष्काळी माळावर आले. शाळेच्या पोरांनी वेल्डिंग शिकावं, शेती शिकावी, तसंच गृह आणि आरोग्यही शिकावं, अशी त्यांची मांडणी. त्यात मुलं शेंगदाण्याची चिक्की करतात आणि रक्तातलं हिमोग्लोबिनही तपासायला शिकतात. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. पापणी ओढून बघायला चौथं बाळंतपण कशाला यावं लागावं? शाळेतल्या पोरीला आपला आकडा आपल्याला मोजता आला तर घरात तिला वळी वाढायची की रस्सा, यावर बोलता येतं. आणि हा जुना प्रश्न नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्याआधीच्या पाहणीत 48 होता.

दरम्यान गाव बदललं. चासकमानचं पाणी आलं, ऊस आला. सणसवाडी, रांजणगावात कारखाने आले. उसात कोण मटकी पेरणार? तणनाशक मारलेल्या बांधावरचा तांदुळजा कोण खाणार? उरलेल्या पडीक तुकड्यांवर गाजरगवत माजलं. आम्हीही मागच्या वावरात सहा खोल्या बांधल्या आणि भाड्यानं दिल्या. त्यातल्या एका खोलीत बीडकडची एक लेक राहते. नवरा कंत्राटी कामगार, दोन मुलं. भाडं, लाइट, शाळेची व्हॅन गेली की हातात मोजकं उरतं. रेशनकार्ड गावाकडं. एका जागेचं कार्ड दुसरीकडं चालतं हे तिला ठाऊक आहे, माणशी पाच किलो धान्य 2023 पासून फुकट झालंय हेही ठाऊक आहे. पण ते तिथं म्हातारा-म्हातारी उचलतात. "त्यांच्या तोंडातलं इथं कसं वडू, काकू?" म्हणते.

तिच्या घरी सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी भात आणि पातळ वरण, रात्री पोळी-बटाटा. मी एकदा शेंगोळी करून वाटी नेऊन दिली तर डोळ्यात पाणी आलं तिच्या. हे सगळं तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. बाजरीवरच वाढलेली पोर. मग करत का नाही? तिनं हिशेबच मांडला. हुलगा दुकानात हरभऱ्यापेक्षा महाग. उसळ शिजायला गॅस किती जातो. बाजरी घ्यावी तर पीठ लवकर कडू पडतं, बाजरीत तेलाचा अंश असतो म्हणून. गव्हासारखं महिन्याचं दळून ठेवता येत नाही. आठ-दहा दिवसांचं थोडंथोडं दळावं तर गिरणीवाला दोन किलोसाठी बाजरीचा दगड लावायला तयार नाही. भाजी रस्त्याकडेच्या गाडीवर, मेथीची जुडी बघून पुढं जायचं. आणि ताक? ताक पिशवीत, दुकानात.

काटकसरीचा स्वयंपाक शिकवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा ऐकावा. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांमध्ये मुलामुलींना लोह जास्त असलेल्या बाजरीची भाकरी सहा महिने खाऊ घालून अभ्यास झाला, 2015 मध्ये छापून आला. त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा वाढला. बाजरी चांगली, हे आता सिद्ध करायचं राहिलेलं नाही. दोन किलो दळून कोण देणार, एवढंच राहिलंय.

त्यावर गेल्या थंडीत एक तोड निघाली. ती तिनंच काढली, मी नुसती गिरणीवाल्याशी भांडले. सहाही खोल्यांनी मिळून बाजरी घ्यायची, दर दहा दिवसांनी बारा किलो एकदम दळायला टाकायची आणि पीठ मापानं वाटून घ्यायचं. बारा किलो म्हटल्यावर गिरणीवाला मुकाट तयार झाला. त्याच पिशवीत खाली वेगळ्या पुडीत दीड-दोन किलो भाजलेला हुलगा असतो, बाजरीनंतर लगेच त्याच दगडावर काढायचा. पिठाची शेंगोळी तर अर्ध्या तासात होतात, उसळीइतका गॅस लागत नाही. बिहारकडची एक सून खोली नंबर चारमध्ये आहे, तिला भाकरी थापता येत नव्हती. तिनं पोळपाटावर प्लास्टिकच्या कागदाखाली लाटायची युक्ती काढली. ओबडधोबड होते, पण फुगते.

मागच्या भिंतीला मी शेवग्याची फांदी लावली होती, ती आता छपराच्या वर गेली आहे. पाला खोल्यांचा, शेंगा माझ्या, असा आजीचाच करार. बीडकडची येते, आकडीनं फांदी वाकवते, पाला ओरबाडते आणि दारात बसून निवडते. तिची थोरली आठवीत आहे. परवा मी बघितलं, ताटं वाढताना पोरगी आईला म्हणाली, "तू पण बस ना, नंतर काय राहतंय?" ही म्हणाली, "बाबा येऊ दे." पोरीनं काही न बोलता चौथं ताट घेतलं, त्यात मोजून शेंगोळी वाढली आणि वर झाकण ठेवून दिलं.