कडी कोणत्या बाजूने

घरी विमान बांधणारा माणूस भेटला, तर आपण त्याला इंजिनाबद्दल विचारू. किती ताकदीचं आहे, किती उंच जाईल, मध्येच बंद पडलं तर काय. दाराबद्दल कुणी विचारणार नाही. मला मात्र पहिला प्रश्न दाराचाच पडतो. मी ज्या घरात वाढले तिथे विमानं नव्हती, पण कड्या भरपूर होत्या.

माझ्या मामाचं मुरबाडला फॅब्रिकेशनचं दुकान आहे. शटर, ग्रिल, जिन्याचे कठडे, टेंपोचे फाळके आणि लोखंडी दारं. आम्ही राहतो शहापूर तालुक्यात. मी आयटीआयला फिटर ट्रेड केला, वर्गात एकटी मुलगी. सुट्टीत मामाकडे जायचे आणि तो मला कामाला लावायचा. अल्ड्रॉप, टॉवर बोल्ट, कडी-कोयंडा, स्टॉपर, नाइट लॅच. दार कुणीही बनवतं, मामा म्हणायचा, कडी बसवताना कारागीर कळतो.

महाराष्ट्रात घरच्या विमानाचा विषय निघाला की कॅप्टन अमोल यादव यांचं नाव येतं. जेट एअरवेजमध्ये वैमानिक असताना त्यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. इमारतीला लिफ्ट नव्हती. यंत्रं, सामान, इंजिन, सगळं जिन्यावरून वर गेलं. आधीचे दोन प्रयत्न आकाशापर्यंत पोचले नव्हते, हा तिसरा. २०१६च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिलं. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये डीजीसीएकडून त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला आणि २०२० मध्ये ते धुळ्याला उडालं.

मी मामाला फोनवर त्याचा फोटो दाखवला. त्याने पंख्याकडे, पात्याकडे बघितलंच नाही. दोन बोटांनी दार मोठं केलं आणि म्हणाला, "आतून कडी कशी आहे ते दिसत नाही गं."

मग मी शोधायला लागले. अमेरिकेत हजारो लोक गॅरेजमध्ये, शेडमध्ये विमानं बांधतात. पंख, शेपूट, सांगाडा यांचे किट मिळतात, आराखडे मिळतात. पण बांधणाऱ्यांना ऐकत राहिलं, तर दिसतं की दार म्हटलं की सगळे वैतागतात. पंख नकाशाप्रमाणे बसतो. दार बसत नाही. ते घासावं लागतं, वाकवावं लागतं, पुन्हा लावून बघावं लागतं. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्याकडेही असंच असतं.

फरक इतकाच, की आमच्या दाराला वारा ढकलतो आणि विमानाच्या दाराला वारा ओढतो.

हे जरा समजून घ्या. विमान पुढे जातं तेव्हा हवा त्याच्या फुगीर अंगावरून वेगाने वाहते आणि तिथला दाब कमी होतो. आतल्या हवेचा दाब तसाच राहतो. म्हणून दार बाहेर जाऊ बघतं. ताशी २०० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण १९० किलो भरतो. बाहेरची ओढ त्याच्या निम्मी धरली आणि दार पाऊण चौरस मीटरचं धरलं, तरी सुमारे ७० किलो झाले. म्हणजे सिमेंटच्या एका गोणीहून जास्त वजन त्या कडीला सतत लोंबकळतंय. आणि वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते.

म्हणून पहिली युक्ती बिजागरीची. बाजूला उघडणाऱ्या दाराची बिजागरी पुढच्या कडेला ठेवतात. कडी सुटली तरी समोरचा वारा दाराला परत लोटतो आणि ते थोडंसं फटीएवढं उघडं राहतं. बिजागरी मागे ठेवली तर तोच वारा दार फाडून नेईल. प्रशिक्षणात शिकवतात, की उड्डाणात दार उघडलं तर आधी विमान सांभाळा, दाराकडे झेपावू नका. छोटं विमान उघड्या दाराने बहुतेक वेळा नीट उडतं. दाराच्या आवाजाने गोंधळलेला माणूस जास्त धोकादायक असतो.

पण सगळीच दारं बाजूला उघडत नाहीत. आरव्ही-१० हे घरी बांधल्या जाणाऱ्या विमानांतलं एक लोकप्रिय चार आसनी. त्याची दारं पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडतात. आतलं हँडल फिरवलं की दारातून दोन दांडे निघतात, एक पुढे, एक मागे, आणि चौकटीत घुसतात. अगदी आपल्या कपाटासारखं. दार हलकं, म्हणून थोडं लवचिक. कधी कधी पुढचा दांडा भोकात बसतो आणि दार मागच्या बाजूने जरासं बाहेर फुगलेलं असल्याने मागचा दांडा चौकटीच्या बाहेरच राहतो. हँडल मात्र पूर्ण फिरतं. आत बसलेल्याला वाटतं, झालं. अशी काही दारं उडताना निखळून गेली. नंतर कंपनीने मधोमध आणखी एक सुरक्षा कडी दिली. आता अनेक जण प्रत्येक दांड्याला सेन्सर लावतात आणि समोर दिवा ठेवतात. दिवा हँडलवर नाही, दांड्यावर चालतो. खरी गोम तिथेच आहे.

हँडल आणि कडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हँडल आपल्या हातात असतं, कडी दाराच्या पोटात असते. हँडल जे सांगतं ते कडीने केलंच असेल असं नाही.

याची सर्वात मोठी किंमत मोजली गेली ती घरच्या विमानात नाही, तर प्रचंड मोठ्या विमानात. १२ जून १९७२ला अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचं सामानाचं दार कॅनडातल्या विंडसरच्या वर उघडून गेलं. वैमानिकांनी ते कसंबसं उतरवलं, सगळे वाचले. दोष कळला होता. कड्या पूर्ण फिरलेल्या नसतानाही बाहेरचं हँडल बंद करता येत होतं. दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, पण सक्तीचा आदेश निघाला नाही. ३ मार्च १९७४ला टर्किश एअरलाइन्सचं डीसी-१० पॅरिसहून निघालं. सामानाचं दार उडालं, वरची जमीन खचली, तिच्यातून जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा गेल्या. विमान जंगलात कोसळलं. ३४६ माणसं होती, एकही वाचलं नाही.

त्या दारात एक छोटी काच होती, आतली खीळ बसली की नाही ते डोळ्यांनी बघण्यासाठी. शेजारी सूचना लिहिली होती, इंग्रजीत आणि तुर्कीत. ज्या कामगाराने दार लावलं त्याला या दोन्ही भाषा वाचता येत नव्हत्या. त्याने हँडल खाली केलं, ते गेलं, दार बंद दिसलं.

हे मी मामाला वाचून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मुरबाड एमआयडीसीत कितीतरी राज्यांतली मुलं काम करतात. मशीनवर पाट्या असतात. कोण कुठली भाषा वाचतो, कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवसापासून मामा टेंपोच्या फाळक्याच्या प्रत्येक कडीवर लाल रंगाचा पट्टा मारायला लागला. कडी पूर्ण बसली की लाल झाकला जातो. लाल दिसला तर गाडी हलवायची नाही. याला वाचायला लागत नाही.

इथपर्यंत सगळा धडा एकाच दिशेचा आहे: कडी सुटता कामा नये. पण मला कडीची भीती पहिल्यांदा वाटली ती न सुटणाऱ्या कडीची.

माझे आजोबा न्हाणीत पडले. आतून कडी. जुनं सागाचं दार, जाड लोखंडी कडी, ज्याने कुणी बसवली त्याने चोख बसवली होती. आम्ही हाका मारत होतो, आतून फक्त पाण्याचा आवाज. शेजारच्या काकांनी पहार आणली. दार तुटायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. आईच्या मते दहा मिनिटं, मामाच्या मते वीस.

आजोबा वाचले. पण त्यानंतर त्यांनी कधी कडी लावली नाही. दार नुसतं लोटून घ्यायचे आणि आत असेपर्यंत मोठ्याने अभंग म्हणायचे. अभंग चालू म्हणजे आत माणूस आहे. अभंग थांबला की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "दादा, झालं का?" विमानातला दिवा काय वेगळं करतो?

ही दोन्ही प्रकारची भीती एकाच माणसाच्या वाट्याला आल्याची गोष्ट अंतराळवीरांच्या इतिहासात आहे. गस ग्रिसम. २१ जुलै १९६१ला तो लिबर्टी बेल ७ या यानातून समुद्रात उतरला आणि स्फोटाने उघडणारं दार वेळेआधीच उडालं. यान बुडालं, तो बुडता बुडता वाचला. अपोलोच्या पहिल्या यानाला तसं झटक्यात उडणारं दार दिलं नव्हतं. आतलं झाकण आत उघडायचं, दाबाने घट्ट बसलेलं राहायचं. २७ जानेवारी १९६७ला जमिनीवरच्या चाचणीत आत आग लागली. आतला दाब वाढला आणि त्या दाबाविरुद्ध झाकण आत ओढणं अशक्य झालं. ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी तिघेही गेले. नंतर दार बदललं: बाहेर उघडणारं, काही सेकंदांत.

म्हणून विमानाच्या दाराला बाहेरूनही हँडल असावं लागतं. ते बाजूच्या पत्र्याशी सपाट बसवतात, हवेला अडथळा नको म्हणून, पण ठेवतात. विमान शेतात आडवं पडलं, आतली माणसं बेशुद्ध असली, तर धावत येणाऱ्या शेतकऱ्याला ते दार उघडता यायला हवं. त्याला पहार शोधायला लागू नये.

मला हे सगळं पटलं. आणि मग नोकरीला लागले.

कंपनीजवळ एका घरमालकाच्या खोलीत आम्ही तिघी राहायचो. दाराची कडी सैल होती, बाहेरून दार हलवलं की आतून घसरायची. रात्री कुणीतरी ते दोनदा हलवून बघितलं. आम्ही दाराला पलंग लावून बसलो, उजाडेपर्यंत. त्या रात्री मला बाहेरून उघडणारी कडी नको होती. जगातल्या कुणालाही, अग्निशमन दलालाही, न उघडणारी कडी हवी होती. सुट्टीच्या दिवशी मी दुकानातून दहा मिलिमीटर दांड्याचा अल्ड्रॉप नेला आणि स्वतः बसवला.

विमानाचं दार मला तेव्हा सोपं वाटायला लागलं. तिथे ओढणारा वारा असतो आणि वाऱ्याला हात नसतात. त्याला हँडल सापडत नाही. बाहेरून जो येतो तो वाचवायलाच येतो. घराच्या दाराला ही सोय नाही. मदत आणि धोका, दोन्ही त्याच बाजूने येतात आणि कडीला त्यांतला फरक कळत नाही.

आता मी मामाच्या दुकानात असते. न्हाणीच्या दारांना आम्ही नाण्याने बाहेरून फिरवता येणारी कडी सुचवतो. पण आधी विचारतो, आत कोण जाणार आहे.

मागच्या महिन्यात आसनगावकडून एक बाई आल्या. घरात एकच न्हाणी, सासूबाई थकलेल्या आणि मुलगी मोठी झालेली. घरात येणारे-जाणारे पुष्कळ. कुठली कडी लावू, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी लगेच उत्तर दिलं नाही.

"सासूबाईंचा हात कुठवर जातो?"

"खांद्याच्या वर जातच नाही हो आता."

मग आम्ही दोन लावायचं ठरवलं. खाली कमरेशी नाण्याची कडी, ती सासूबाईंची. वर सहा फुटांवर साधा टॉवर बोल्ट, बाहेरून काही न करता येणारा, तो मुलीचा.

"तिचा पोचेल ना वर?" मी विचारलं.

"पोचेल," बाई म्हणाल्या. "अजून वाढतेय ती."